ओटीवर यायचं नाही

"कॅमेऱ्यावर पट्टी लावलीस ना?" शलाकाने पुन्हा विचारलं.

"लावली गं बाई. दोन लावल्या. आता एक माझ्या तोंडावर लावू का?"

तिला हसू आलं नाही. मलाही आलं नव्हतं. पण मी घाबरले की माझी जीभ जास्त चालते, ही माझी जुनी खोड. त्या रविवारी दुपारी ती नुसती सुटली होती.

खुर्चीवर सोफ्याच्या दोन उशा ठेवून त्यावर ईराला बसवलं होतं, म्हणजे तिचं तोंड माईकपर्यंत पोचेल. सात वर्षांची पोर. पाय लोंबत होते, आणि ती ते हलवतही नव्हती. थोड्या वेळात कॉम्प्युटरवर तिच्या बापाचा फोन येणार होता. आम्ही मिरजेत आहोत हे त्याला कळलं असतं, तर ईरा तिच्या आईला पुन्हा दिसली नसती. एवढं सरळ होतं ते.

शलाका माझी कोल्हापूरच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिची पत्रं बंद झाली. तिच्या नवऱ्याला, निरंजनला, मैत्रिणी चालत नव्हत्या. त्यामुळे त्याला माझं नावही ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ती माझ्याकडे आली. एका सकाळी दारात उभी, मनगटाला प्लास्टर, दुसऱ्या हातात ईरा. मी "काय झालं?" असं विचारलंच नाही. चहा टाकला.

निरंजनने ईराचा पासपोर्ट गुपचूप काढून ठेवला होता. मस्कतला नोकरी पक्की केली होती. "तू राहा इथे," तो तिला म्हणाला होता, "मी पोरीला नेतो. मग बस शोधत." पुण्याच्या वकीलबाईंनी कोर्टात अर्ज टाकला होता. येत्या गुरुवारी तो पासपोर्ट कोर्टात जमा करायचा हुकूम होईल, असं त्या म्हणत होत्या.

"तोवर पोर सांभाळा," त्यांनी बजावलं होतं. "पण त्यांच्या मेलला उत्तर द्या, आणि रविवारी मुलीशी बोलू द्या. नाही म्हणालात तर बापाला तोडलं म्हणून तेच कोर्टात उगाळतील."

आता आली का पंचाईत! निरंजनचा धंदाच ऑफिसांमध्ये नेटवर्क बसवायचा. मेल कुठून निघाली, कॉल कुठल्या गावातून आला, हे त्याला बसल्या जागी दिसत होतं. मी मिरजेत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे, तेव्हा थोडंफार मलाही कळत होतं. घरच्या कॉम्प्युटरवर सगळंच आमचं होतं. क्लासचे पेपर, फोटो, माझं नाव, गावाचं नाव. त्यावरून तिचं काही करणं म्हणजे दारावर पाटी लावण्यासारखं. म्हणून मी त्याच कॉम्प्युटरच्या आत एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं. म्हणजे पडद्यावर एक चौकट, आणि त्या चौकटीत दुसराच, कोरा कॉम्प्युटर. त्यात कुणाचं नाव नाही, गाव नाही. आणि त्या आतल्या कॉम्प्युटरमध्ये व्हीपीएन टाकलं, की तिथून निघालेलं सगळं आधी परदेशात जाणार आणि तिथूनच आल्यासारखं दिसणार.

सासूबाई मागे उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

"म्हणजे घराच्या आत घर," त्या म्हणाल्या. "अगो, मग माजघर म्हण की त्याला सरळ. आणि बाहेरचं ते तुझं क्लासचं सगळं, ती ओटी."

"ओटी नव्हे हो आई, सोपा. आपण मिरजेत राहतो."

"तू राहतेस मिरजेत. मी देवरुखची."

लग्न होऊन इकडे आल्याला जन्म गेला, पण यांची ओटी काही सुटली नाही. मीही हट्टाने सोपाच म्हणायची. त्यावरून आमची रोज जुंपायची. ईराने मात्र आजीचा शब्द उचलला. शलाकाचं सगळं काम माजघरात करायचं, चुकूनसुद्धा बाहेरच्या चौकटीत नाही, असा नियम होता. शलाकाचा माऊस जरा इकडेतिकडे गेला की पोर ओरडायची, "आई, ओटीवर यायचं नाही!"

ईरा आली त्याच आठवड्यात मी तिच्याकडून आमचा पत्ता पाठ करून घेतला होता, कुठे हरवली-बिरवली तर असावा म्हणून. चैत्रबन, दुसरा मजला, दर्ग्याच्या अलीकडची गल्ली, मिरज. कवितेसारखा म्हणायची. नंतर माझीच मला धास्ती वाटायला लागली. पाठ केलेलं विसरायला कसं लावणार?

"बाबांनी कुठे आहेस विचारलं तर काय सांगायचं?" मी त्या दुपारी शलाकाला हळूच विचारलं. "मामाकडे आहे म्हणू दे का?"

"नको. खोटं त्याला आवाजावरून कळतं." ती प्लास्टरवरून हात फिरवत होती. "मी एकदा म्हटलं, आईला फोन केला नाही. तो 'बरं' म्हणाला, आणि जाऊन रिसिव्हरला हात लावून बघितला. गरम आहे का म्हणून."

त्यात आदल्या दिवशीची त्याची मेल डोक्यात होतीच. 'परवा हॉलंड, काल सिंगापूर. कुणीतरी हुशार माणूस मिळालाय वाटतं तुला. मी आता तुझे पत्ते बघणंच सोडलंय. मी माणसं बघतो.' ती वाचल्यापासून मी बाल्कनीत कपडे वाळत घालतानाही खाली रस्त्यावर कोण उभं आहे ते बघायला लागले होते. आमचे हे रेल्वेत गार्ड. गाडी घेऊन हुबळीकडे गेलेले. घरात आम्ही तीन बायका आणि एक पोर.

कॉम्प्युटर वाजला. शलाकाने माझा दंड धरला. मी माजघराच्या चौकटीत कोपऱ्यातलं छोटं कुलूप बघून घेतलं. ते बंद दिसलं म्हणजे व्हीपीएन चालू. बंद होतं. मी कॉल घेतला.

"पिल्लू?" काय गोड आवाज होता हो त्या माणसाचा! "बाबा बोलतोय. जेवलीस?"

"हो."

"काय जेवलीस?"

"आमटी-भात."

"कुणी केली आमटी?"

ईराने आईकडे पाहिलं. शलाकाने नको म्हणून मान हलवली. "आईने," ईरा म्हणाली. आमटी सासूबाईंनी केली होती. पलीकडे तो जरा थांबला. एवढासाच, पण मला ते थांबणं ऐकू आलं.

"बरं," तो म्हणाला.

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस कुंईकुंई करायला लागला. कॉम्प्युटर चालू राहिला, पण इंटरनेटची डबी विझली आणि कॉल तुटला. सासूबाई देवाला हात जोडून मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, सुटलो. पण इन्व्हर्टर लागला, डबीचे दिवे एकेक करून परत पेटले, आणि कॉम्प्युटर पुन्हा वाजला. त्यानेच परत लावला होता. घेतला नाही तर कोर्टात सांगेल, म्हणून मी घाईने घेतला.

"हॅलो? पिल्लू? लाईट गेली का गं?" तो हसला. "हॉलंडमध्ये पण लाईट जाते वाटतं!"

माझी नजर कोपऱ्यात गेली. कुलूप उघडं होतं.

डबी बंद पडून चालू झाली, त्यात व्हीपीएन तुटलं होतं. ते तुटलं तर इंटरनेटही बंद पडेल अशी तजवीज मी केलेली नव्हती. त्यामुळे माजघरातला कॉल आता सरळ आमच्या घरच्या लाईनवरून, मिरजेच्या पत्त्यानिशी बाहेर चालला होता. माजघराचा दरवाजा सताड उघडा! मी टेबलाखाली बसकण मारली आणि भिंतीतल्या इंटरनेटच्या तारेकडे हात घातला. हाताला नुसती जळमटं लागत होती.

"ईरा," वर त्याचा आवाज आला, अगदी हळू. "बाबांना सांगणार ना, कुठे आहेस ते? खरं सांगायचं हं. बाबांना खोटं आवडत नाही."

टेबलाखालून मला ईराचे पाय तेवढे दिसत होते. ते अजूनही हलत नव्हते.

"माजघरात," ती म्हणाली.

"कुठे?"

"माजघरात. आम्ही माजघरातच असतो. ओटीवर यायचं नाही, असं सांगितलंय."

तो म्हणाला, "शहाणी माझी बाय ती."

माझ्या हाताला तार लागली. मी ती एवढ्या जोरात ओढली की टोकाची प्लास्टिकची कडी मोडून हातात आली.

नंतर मी ती तार चिकटपट्टीने कशीबशी परत बसवली आणि माजघरातून बघितलं, जगाला आम्ही कुठे दिसतोय. पडद्यावर लिहिलं होतं, सांगली जिल्हा, मिरज. मी शलाकाला लगेच सांगितलं. लपवून काय करणार होते?

ती आधी खाली बसली. मग उठली आणि ईराला चांगल्या हाताने गदागदा हलवलं. "कशाला बोललीस? 'माहीत नाही' म्हणायचं होतं! काय गरज होती तोंड उघडायची?"

"मी खोटं नाही बोलले," ईरा म्हणाली. रडली नाही. तोंड पांढरं पडलं होतं.

"सोड गो तिला," सासूबाई मध्ये पडल्या. "पोरीवर कसला राग काढतेस? चल ग बाळा." तिला उचलून त्या न्हाणीघराकडे घेऊन गेल्या. जाताना खुर्चीवरची उशीही काखेत मारली. मला त्याचंही नवल वाटलं नाही. मला काहीच सुचत नव्हतं.

शलाकाने पिशवी भरायला घेतली.

"कुठे जाणार?" मी विचारलं.

"कुठेही. स्टँडवर जाते. तो निघालाही असेल एव्हाना."

"आणि स्टँडवर दोघींना कोण राखणार?" सासूबाई आतून म्हणाल्या. "इथे दाराला दोन कड्या आहेत, आणि मी आहे. येऊ दे तो मेला." त्यांनी खलबत्त्यातला बत्ता काढून दाराशी पाटावर ठेवला. त्यांचं वजन त्या बत्त्याहून फार नसेल. तरी त्या वेळी मला त्यांचा आधार वाटला, खोटं कशाला बोलू?

त्या रात्री कुणाला झोप लागली असेल तर शप्पथ. सकाळी मी बाल्कनीत गेले तर सासूबाई उशी आणि तिचा अभ्रा वाळत घालत होत्या.

"आई, अशा वेळी कसल्या उशा धुताय?"

"आमटी सांडली होती," त्या म्हणाल्या.

"जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला डागांचं सुचतंय! बाहेर उभ्या राहू नका, आत या."

त्यांनी अभ्रा झटकला, नीट ताणला आणि आत आल्या.

दुपारी बेल वाजली. शलाका ईराला घेऊन मोरीत गेली आणि आतून कडी लावली. मी दाराच्या भिंगातून बघितलं. बाहेर एक दाढीवाला माणूस उभा होता, डोक्याला रुमाल बांधलेला. मी कधी पाहिलेला नव्हता. निरंजनचा फोटो मी बघितला होता, तो हा नव्हे. पण तो स्वतःच येईल असं कुठे होतं? माणसं बघतो, असं त्यानेच लिहिलं होतं.

"कोण आहे?" मी आतून ओरडले.

"ताई, घरात लहान मूल आहे का?"

"नाही! कुणी नाही!"

"मग ही चप्पल कुणाची?"

ईराची गुलाबी चप्पल दाराबाहेरच राहिली होती. सासूबाईंनी मला बाजूला सारलं, साखळी लावूनच दार फटीएवढं उघडलं. दुसऱ्या हातात, पदराखाली, बत्ता.

"माझ्या नातीची आहे. गेलीय तिच्या मामाकडे. तुम्हाला काय करायचंय?"

"तसं नाही हो आजी," तो बिचारा दचकला. त्याच्या मागून एक बाई पुढे झाली. तिच्या खांद्याला निळा डबा होता. "पोलिओवाले आहोत आम्ही. काल बूथवर कोण राहिलं, ते घरोघर बघतोय. किती वर्षांची आहे नात?"

"सात."

"मग नको. पाचच्या आतल्यांनाच." त्याने दाराशेजारी भिंतीवर खडूने खूण केली आणि दोघं वर गेले. सासूबाईंनी दार लावलं आणि तिथेच खाली बसल्या. मी हसायला लागले. हसता हसता कधी रडायला लागले ते मलाच कळलं नाही.

मंगळवारी दुपारी वकीलबाईंचा फोन आला. मी फोन शलाकाच्या कानाला लावला आणि स्वतःचाही कान त्याला चिकटवला.

"शलाका, संगमेश्वरजवळ तुझ्या मामाचं घर आहे का?"

"आहे. मामा गेल्यापासून बंदच असतं. का?"

"तुझ्या नवऱ्याने रात्री त्याचं कुलूप फोडलं. दोन माणसं बरोबर होती. वाडीतल्या लोकांना वाटलं चोर शिरले. धरून ठेवले तिघांना आणि पोलीस बोलावले." वकीलबाईंच्या आवाजात एवढं समाधान मी कधी ऐकलं नव्हतं. "गाडीत काय सापडलं माहितीये? ईराचा पासपोर्ट आणि मस्कतची दोन तिकिटं. बुधवार रात्रीची, विमानाची. आता कोर्टात मला फारसं बोलावंच लागणार नाही."

शलाकाने फोन खाली ठेवला.

"मामाचं घर," ती म्हणाली. "ईराला घेऊन देवाला म्हणून एकदा आम्ही तिघं गेलो होतो. तिथे ओटी आहे, माजघर आहे. ईरा मे महिन्यात माझ्याबरोबर जायची. त्याला वाटलं, आम्ही तिथेच."

आमच्याकडे सोपा असतो. ओटी म्हटली की कोकण! माणूस पोरीचा शब्द ऐकून तडक कोकणात गेला. आमचा मिरजेचा पत्ता त्याच्याकडे पोचलेला होता, त्याने तो पाहिलाच नसेल. किंवा पाहिलाही असेल आणि हसला असेल. परवा हॉलंड, काल सिंगापूर, आज मिरज!

"बघितलंस?" सासूबाई मला म्हणाल्या. "सोपा म्हणाली असती पोर, तर काय झालं असतं?"

त्यानंतर मी त्यांच्यासमोर कधी सोपा हा शब्द काढला नाही.

गुरुवारी पासपोर्ट कोर्टात जमा झाला. पोर आईकडेच राहिली. पुढे शलाकाला पुण्यात नोकरी लागली. आम्ही सगळ्यांना ही गोष्ट सांगायचो, लेकराच्या भाबडेपणाने कसं वाचवलं म्हणून. देवच बोलला तिच्या तोंडून, असंही मी म्हणायची.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. तेराव्याला ईरा आली. आता नोकरी करते, माझ्याहून उंच झाली आहे. सगळे पांगल्यावर आम्ही दोघी बाल्कनीत बसलो होतो. कुणीतरी पुन्हा तीच गोष्ट काढली होती जेवताना, आणि ती गप्प राहिली होती, म्हणून मी विचारलं.

"तुला आपला इथला पत्ता तेव्हा पाठ होता ना गं? नशीब, तो नाही तोंडातून गेला."

"अजून आहे. चैत्रबन, दुसरा मजला, दर्ग्याच्या अलीकडची गल्ली, मिरज." ती जराशी हसली. "मावशी, आमटी आईने केली म्हटलं ना मी, ते बाबांना लगेच कळलं होतं. ते 'बरं' म्हणाले. तसं 'बरं' म्हणाले की मला कळायचं. मग पुढचं खोटं नाही चालणार, हे पण कळलं."

मी तिच्याकडे वळून बसले.

"म्हणून मग खरं असेल असं काहीतरी शोधलं. आम्ही माजघरात आहोत, हे खरंच होतं. आणि ओटी म्हटलं की त्यांना मामाआजोबांचं घर आठवणार, हे माहीत होतं मला. तिथे गेलो होतो तेव्हा ते ओटीवर बसून चिडले होते, डास चावतात म्हणून."

"अगं, सात वर्षांची होतीस तू!" मी म्हटलं. "आणि आम्ही समजत होतो, पोर भाबडी आहे, तिला भीती कळत नाही."

"भीती?" ती बाल्कनीतल्या दोरीकडे बघत होती. "मावशी, ती उशी आमटीने नव्हती भिजली. आजीने ते कुणाला सांगितलं नाही."